आमच्या वार्ताहराकडून

परदेशात बातमीदारी करायची तर काय शिकावं लागतं, हे विचारायला रत्नागिरीहून मुलं-मुली अधूनमधून पूर्णगडला माझ्याकडे येतात. मी त्यांना सांगते, तुम्ही जिथे उतराल तिथे तुमच्या आधीपासून कुणीतरी ती बातमी गोळा करत असेल. त्याला शोधा, त्याचे पैसे वेळेवर द्या आणि त्याचं नाव बातमीत घाला. मुलांना हे उत्तर अपुरं वाटतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. युद्धं, बंडं, राष्ट्राध्यक्ष, हेलिकॉप्टर यांच्या गोष्टी त्यांना हव्या असतात. त्या माझ्याकडे आहेत आणि चहा होईपर्यंत मी सांगतेही. पण सगळी नोकरी एका वृत्तसंस्थेत, त्यातली बरीच वर्षं देशाबाहेर काढल्यावर मला जे ठामपणे सांगायचं आहे ते एवढंच आहे. ते नीट सांगायला चहाचा वेळ पुरत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

वृत्तसंस्थेच्या बातमीवर दोन नावं असतात. एक गावाचं, तारखेसकट, आणि एक लिहिणाऱ्याचं. गावाचं नाव घालायचं तर तुमचा माणूस त्या गावात प्रत्यक्ष हजर असावा लागतो. हा नियम आमच्याकडे फार कडक. बँकॉकमध्ये बसून बातमीवर रंगून घालता येत नाही, कुणी घातलं तर नोकरी जाते. लिहिणाऱ्याच्या नावाला मात्र असा नियम कधी नव्हता. ज्याने स्वतः पाहिलं, ज्याने चार घरं फिरून विचारलं, नाक्यावरच्या सैनिकाशी बोलून गाडी पुढे काढली, तो एक माणूस असायचा आणि नाव छापलं जायचं दुसऱ्याचं.

मला हे इतकं लागतं त्याचं मूळ घरात आहे. आमचे आप्पा रत्नागिरीत रामआळीत पेपर एजन्सी चालवायचे आणि मुंबईच्या एका दैनिकाचे वार्ताहर होते. एकाच माणसाकडे ही दोन्ही कामं असणं त्या काळी अगदी नेहमीचं. सकाळी अंक मोजून पोरांकडे द्यायचे, वसुलीची वही लिहायची, आणि दुपारी कोर्ट, नगरपालिका, सिव्हिल हॉस्पिटल, पोलीस ठाणं अशी फेरी. दिवेलागणीला बातम्या लिहून होत. पाठकोरे कागद, एका कागदावर एकच बातमी, वर डाव्या कोपऱ्यात ‘रत्नागिरी, ता.’ आणि आकडा. पाकीट बंद करून रात्रीच्या मुंबई गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचं. मुंबई सेंट्रलला दैनिकाचा शिपाई ते उतरवून घेई. पावसात कशेडी घाट बंद पडला की बातमी एका दिवसाने शिळी. तातडीचं काही असलं तर तार. दैनिकाने दिलेलं कार्ड तार ऑफिसात दाखवलं की तारेचे पैसे मुंबईच्या खात्यावर पडत, तरीही आप्पा एकेक शब्द वाचवायचे.

महिनाअखेरीला छापून आलेल्या बातम्यांची कात्रणं कागदावर चिकटवून मुंबईला पाठवायची असत, कारण मानधन कॉलमच्या इंचावर मिळे. खळ आई करून द्यायची, चिकटवायचं काम माझं. पट्टीने मोजून मी बाजूला पेन्सिलीने आकडा लिहायची. त्या कात्रणांवर आप्पांचं नाव कधीच नसे. असे ते ‘आमच्या वार्ताहराकडून’.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. रत्नागिरीतसुद्धा मांडणीवरची भांडी खाली आली आणि सगळी आळी रस्त्यावर. उजाडल्यावर आप्पा चिपळूणच्या गाडीत बसले आणि तिथून पोफळीकडे गेले. कोयनानगर घाटमाथ्यापलीकडे आणि वीजघर घाटाखाली, आमच्या बाजूला. साहजिकच सगळ्यांचं लक्ष कोयनानगरकडे होतं, तिथे घरं जमीनदोस्त झाली होती आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आप्पा मात्र खालच्या गावांत घरोघर फिरले. कुणाची भिंत पडली, कुणाचा गोठा बसला, कोण चिपळूणच्या दवाखान्यात आहे, सगळं नावागावासह वहीत लिहून आणलं. मुंबईहून आलेल्या बातमीदाराने चिपळुणात त्यांच्याकडून ती वही उतरवून घेतली. तो मजकूर पुढे त्या बातमीदाराच्या नावाने छापून आला. आप्पांनी अंक उघडला, बोट ठेवत ठेवत सगळी नावं तपासली आणि म्हणाले, “नावं बरोबर आली आहेत. झालं तर मग.” मी शाळेत होते. मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. नावं बरोबर आली ती वही आप्पांची होती म्हणून.

पुढचं भराभर सांगते. गोगटे कॉलेजातून बी.ए., मग मुंबई. वृत्तसंस्थेच्या टेलिप्रिंटरच्या खोलीत रात्रपाळ्या. मोठी बातमी आली की यंत्राची घंटा वाजे, आणि किती वेळा वाजली त्यावरून वाचायच्या आधीच कळे की केवढी मोठी. मग परदेशी डेस्क, मग कोलंबो, बँकॉक, मध्ये अम्मान, ढाका, पुढे काबूल आणि पुन्हा बँकॉक. लग्न केलं नाही. आईला ते जड गेलं, आप्पांनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही.

कोलंबोला मी पोचले तेव्हा तिथे शांतता करार व्हायचा होता. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना रांगेतल्या एका नौसैनिकाने बंदूक उलटी धरून राजीव गांधींवर दस्ता उगारला. तो क्षण पकडणारं छायाचित्र जगभर गेलं. ते सेना विदानगमा या श्रीलंकेच्याच छायाचित्रकाराने काढलं होतं. तेव्हा बाहेरून आलेले आम्ही बातमीदार शहरात ढिगाने होतो. उत्तरेत जाफन्याला मात्र बाहेरच्या पत्रकाराला पोचणंच कठीण असे, आणि पुढच्या वर्षांत ते आणखी कठीण होत गेलं. तिथून जे काही जगाला कळलं ते तिथेच राहणाऱ्या मूठभर वार्ताहरांमुळे. मैलवागनम निमलराजन त्यांपैकी एक. ते बीबीसीच्या तमिळ आणि सिंहली सेवांसाठी बातम्या पाठवत. १९ ऑक्टोबर २००० च्या रात्री, संचारबंदी असताना, घरात लिहीत बसलेले असताना त्यांना मारण्यात आलं. संचारबंदीत बंदुका घेऊन फिरायची मुभा कुणाला असते, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला.

बर्माविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे माझं रत्नागिरीचं असणं उपयोगी पडलं. ऐंशीच्या दशकात बाहेरच्या माणसाला सात दिवसांचा पर्यटक व्हिसा मिळे आणि पत्रकाराला तोही मिळणं मुश्कील. रंगूनमध्ये आमच्यासाठी बातम्या गोळा करणारा एक वयस्क गृहस्थ होता. मितभाषी, लुंगी, पांढरा सदरा, हातात छत्री. पहिल्या भेटीत माझ्यावर विश्वास ठेवावा की नाही हे तो ठरवत होता आणि तसं ते दिसतही होतं. मी गाव सांगितलं तेव्हा त्याने छत्री खाली ठेवली. थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं हे बर्मात शाळकरी पोरालाही माहीत असतं. आमच्याकडे थिबा पॅलेस म्हणजे सहलीला जायची जागा. त्याच्याकडे तो राज्य गेल्याचा शेवटचा पत्ता होता. राजवाड्यातून समुद्र दिसतो का, राजा १९१६ मध्ये वारला तेव्हा कुठल्या खोलीत होता, समाधीवर कुणी फूल ठेवतं का, असं तो एकेक विचारत गेला. राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला, म्हणजे राजाला तो जेमतेम सहा वर्षं लाभला, हे मी सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता. नंतर माझ्याशी कधी परक्यासारखा वागला नाही. २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला समाधीच्या दर्शनाला येऊन गेले, तेव्हा हा गृहस्थ हयात असता तर मी पहिला फोन त्याला केला असता. त्याचं नाव देत नाही. मुलं-नातवंडं तिथेच आहेत आणि २०२१ नंतर पुन्हा लष्कराचं राज्य आहे.

जी नावं उघड आहेत ती देते. असोसिएटेड प्रेसचं रंगूनमधलं काम सेन विन यांनी कितीतरी वर्षं केलं, त्यासाठी तुरुंगही पाहिला. त्यांच्यानंतर ते काम त्यांच्या मुलीने, ए ए विनने, हाती घेतलं. परदेशी वृत्तसंस्थांच्या कुऱ्हाडीचा दांडा म्हणून लष्करी राजवटीने तिची बदनामी केली. घरावर पाळत असे. तिने शहर सोडलं नाही. तिच्या बातम्या मी बँकॉकच्या डेस्कवर रोज वाचायची. ती दुसऱ्या संस्थेची, म्हणजे धंद्याच्या हिशेबाने आमची स्पर्धक. पण वडिलांचं वार्ताहराचं काम पुढे चालवणारी मुलगी वाचताना मला स्पर्धा आठवत नसे.

आता अम्मान. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं, तेव्हा तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते, आणि त्यांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचे किती, हे राजापूर, रत्नागिरी, दापोली, खेड या पट्ट्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. ज्या घरात पोरगा कुवेतला नाही असं घर काही मोहल्ल्यांत शोधावं लागे. लोक बसने बसरा, बगदाद आणि मग वाळवंट ओलांडून जॉर्डनच्या सरहद्दीवर रुवेशिदला पोचत. तिथे तंबू, पाण्याच्या टँकरमागे रांगा, दिवसा भाजणारं ऊन. तिथून अम्मान विमानतळ. ऑक्टोबरपर्यंत एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सने ४८८ फेऱ्या करून लाखाहून अधिक माणसं मायदेशी आणली. आकडा प्रचंड आहे, आणि तो देशाच्या अभिमानाचाच आहे. मला हिंदी-उर्दू येते म्हणून डेस्कने मला तिकडे धाडलं होतं.

सरहद्दीवरच्या तळावर एक शिंपी भेटला, राजापूर तालुक्यातल्या साखरी नाट्याचा. माझं मराठी ऐकून त्याने विचारलं, “बाय, तू रत्नागिरीची काय गो?” कुवेत शहरात त्याचं दुकान होतं. निघताना त्याने शिलाई यंत्र सोडलं आणि मापांची वही बरोबर घेतली. गिऱ्हाइकांची देणी तिच्यात लिहिलेली होती, ती कधीतरी वसूल होतील या आशेने. त्या वहीच्या कोऱ्या पानांवर तो आता नावं लिहीत होता. येणाऱ्या प्रत्येक बसपाशी उभा राहून विचारायचा, कोकणातलं कुणी आहे का, आणि असेल त्याचं नाव, बापाचं नाव, गाव. गावांप्रमाणे पानं पाडली होती: नाटे, जैतापूर, पावस, फणसोप, कर्ला, राजिवडा, सोमेश्वर, साखरतर, जयगड. प्रत्येक नावापुढे खूण. कोण तळावर पोचलं, कोण बगदादेत थांबलंय, कोण आजारी आहे. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. दुसरं काही करता येत नाही, निदान नावं तरी राहतील, असं म्हणाला.

वृत्तसंस्था नावांच्या याद्या चालवत नाही. जगभर जाणाऱ्या बातमीत साखरतरच्या माणसाचं नाव कशाला, हे डेस्कचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं. म्हणून रात्री अम्मानच्या हॉटेलातून मी रत्नागिरीला आप्पांना फोन लावला. लाइन मिळायला मध्यरात्र झाली. मी वाचत गेले, ते लिहीत गेले. एकाही आडनावाचं अक्षर सांगावं लागलं नाही. होडेकर, सोलकर, मुकादम, काझी, सगळी त्यांच्या पेपरच्या गिऱ्हाइकांची घरं. मध्येच ते म्हणायचे, “थांब, याचा भाऊपण तिकडेच होता, त्याचं काय?” आणि मी दुसऱ्या दिवशी शिंप्याला विचारायची. सकाळी यादी रामआळीत दुकानाबाहेर फळ्यावर लागे आणि एक प्रत राजिवड्याच्या मशिदीत जाई. आठवडाभर असं चाललं. आईने नंतर सांगितलं की, पहाटे पाचला दुकानापुढे बायका येऊन थांबलेल्या असत. मुंबईच्या दैनिकाने त्यातली काही नावं छापली. वर होतं, आमच्या वार्ताहराकडून.

मी माझ्या बातमीत शिंप्याचं नाव दुसऱ्या परिच्छेदात घातलं, वय आणि गावासह, आणि या तळावरची सगळ्यांत खात्रीची यादी या माणसाकडे आहे असं लिहिलं. ते वाक्य राहू द्या म्हणून लंडनच्या डेस्कशी फोनवर भांडले आणि ते राहिलं. आणखी एक गोष्ट नोंदवते. भारतीय दूतावासाचे लोकही त्या वहीवरून विमानातल्या जागा लावत होते, हे मी स्वतः पाहिलं.

काबूलची हकीकत यापेक्षा अवघड आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये तालिबान शहर सोडून गेले आणि पेशावरमध्ये अडकून पडलेले पत्रकार जलालाबादमार्गे काबूलकडे निघाले. १९ नोव्हेंबरला सरोबीजवळच्या खिंडीत गाड्या अडवून चार पत्रकारांना गोळ्या घातल्या. रॉयटर्सचे हॅरी बर्टन आणि अझीझुल्ला हैदरी, इटलीच्या मारिया ग्राझिया कुतुली, स्पेनचे हुलिओ फुएन्तेस. त्यातले हैदरी काबूलचे, निर्वासित म्हणून पाकिस्तानात वाढलेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मी त्याच रस्त्याने गेले. माझ्याबरोबर एक शिक्षक होता, काबूलच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणारा, पेशावरच्या निर्वासित वस्तीत उर्दू शिकलेला. गाडी त्याच्या चुलतभावाची. सरोबीच्या अलीकडे त्याने गाडी थांबवली, समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला सिगारेट दिली, दोन मिनिटं बोलला आणि परत येऊन म्हणाला, आज नाही. कारण सांगितलं नाही. आम्ही मागे फिरलो आणि दुसऱ्या दिवशी गेलो. त्या दिवशी पुढे काय होतं हे मला कधीच कळणार नाही. काबूलमधून पुढे माझ्या नावाने जे काही आलं, त्यातली निम्मी वाक्यं आधी त्याच्या तोंडून उर्दूत आलेली आहेत.

त्याचं नाव बातमीवर घालू का, म्हणून मी त्याला विचारलं होतं. तो नको म्हणाला. आई-वडील लोगरला राहतात, म्हणाला. हेही लक्षात ठेवायला हवं. नाव घालणं हा नेहमीच सन्मान नसतो, कधी ते मरणाचं आमंत्रण असतं. म्हणून निर्णय त्या माणसाचा असावा, त्याला विचारावं आणि दर वेळी नव्याने विचारावं.

पण नाव नसण्याची किंमत वीस वर्षांनी पुढे आली. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पुन्हा तालिबानच्या हाती गेलं. परदेशी माध्यमांसाठी काम केलेल्या अफगाण लोकांना बाहेर काढायच्या योजना निघाल्या, आणि सगळीकडे पहिली अट एकच: काम केल्याचा पुरावा आणतो का? रोजावर, रोख पैशांत काम केलेल्या माणसाकडे कुठला पुरावा? ना नेमणुकीचं पत्र, ना पगाराची पावती, ना बातमीवर नाव. त्याचा फोन आला तेव्हा मी इथे पूर्णगडला होते. माझ्याकडे होत्या खर्चाच्या वह्या. दर दिवसाचा जमाखर्च लिहायची सवय आप्पांची, ती मी सोडली नव्हती. तारीख, गाव, ‘गाडी व भाषांतर, १०० डॉलर’, पुढे त्याचं नाव, आणि खाली घेणाऱ्याची सही. पोटमाळ्यावरच्या ट्रंकेतून त्या काढल्या, शेजारच्या मुलाने फोनवर पानापानाचे फोटो काढून दिले, त्या त्या तारखेच्या माझ्या बातम्यांच्या प्रती मी जोडल्या आणि माझ्या जुन्या संस्थेच्या शिफारशीसह सगळं पाठवलं. तो, बायको आणि मुलं बाहेर पडली. आज कुठे आहेत ते लिहीत नाही. सुखरूप आहेत. त्याच्यासारख्या कितीतरी जणांकडे अशी वही नव्हती.

काही जणांवर ती वेळही आली नाही. अजमल नक्शबंदी काबूलचा तरुण दुभाषा आणि पत्रकार. मार्च २००७ मध्ये हेलमंदमध्ये एका इटालियन पत्रकाराबरोबर त्याचं अपहरण झालं. त्यांचा ड्रायव्हर सय्यद आगा याचा गळा चिरण्यात आला. तालिबान कैद्यांच्या बदल्यात इटालियन पत्रकाराची सुटका झाली. अजमल मागे राहिला आणि एप्रिलमध्ये त्याला मारलं. सप्टेंबर २००९ मध्ये कुंदूझला ब्रिटिश पत्रकाराबरोबर पळवलेला सुलतान मुनादी ब्रिटिश कमांडोंच्या कारवाईत मारला गेला. सोडवलेला पत्रकार हेलिकॉप्टरने गेला, सुलतानचा मृतदेह तिथेच राहिला आणि घरच्यांना जाऊन आणावा लागला. काबूलचे पत्रकार त्याच्या कबरीवर जमले आणि संतापाने बोलले. मला त्यांचा एकेक शब्द पटला होता.

उलट घडलेलंही आहे, ते आवर्जून सांगते. १९७५ मध्ये कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांच्या हाती गेली तेव्हा डिथ प्रान या कंबोडियन सहकाऱ्यामुळे न्यूयॉर्क टाइम्सच्या सिडनी शॅनबर्गचा जीव वाचला. पुढच्या वर्षी पुलित्झर हे पत्रकारितेचं पारितोषिक मिळाल्यावर शॅनबर्ग यांनी ते आपल्या आणि डिथ प्रानच्या वतीने स्वीकारलं, तेव्हा प्रान जिवंत आहे की नाही हेही त्यांना माहीत नव्हतं. प्रान १९७९ मध्ये थायलंडच्या सरहद्दीवर पोचला. आणि माझ्या निवृत्तीनंतरची, मला सगळ्यांत जवळची वाटणारी गोष्ट वा लोन आणि क्याव सो ऊ यांची. म्यानमारच्या इन दिन गावात दहा रोहिंग्या पुरुषांची हत्या झाली, तिचा शोध हे रॉयटर्सचे दोन तरुण घेत होते. १२ डिसेंबर २०१७ ला पोलिसांनी त्यांना जेवायला बोलावलं, हातात कागद दिले आणि बाहेर पडताच अटक केली. १९२३ चा गोपनीयता कायदा, इंग्रजांनी केलेला, आपल्याकडेही आहे तोच. शिक्षा सात वर्षं. हा सापळा होता अशी साक्ष एका पोलीस अधिकाऱ्यानेच कोर्टात दिली आणि त्यालाही तुरुंगात जावं लागलं. दोघे तुरुंगात असतानाच, फेब्रुवारी २०१८ मध्ये, बातमी प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर त्यांची नावं पहिली होती. मे २०१९ मध्ये ते सुटले. त्या बातमीचा छापलेला कागद मी जपून ठेवलाय. मजकूर मला पाठ आहे. ठेवलाय तो वरच्या नावांच्या ओळीसाठी.

इथे परत आल्यावर वाटलं होतं की हा विषय माझ्यासाठी संपला. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. वाशिष्ठीचं पाणी पहिल्या मजल्यापर्यंत होतं तेव्हा रात्रभर छपरावर बसून फोनवर माहिती देत होते ते चिपळूणचे वार्ताहर, ज्यांची स्वतःची घरं पाण्यात होती. दुसऱ्या दिवशी मुंबईहून एका वाहिनीची गाडी आली. पडद्यावर त्या गाडीतून उतरलेल्या मुलीचं नाव आणि ‘सर्वप्रथम’ असा शब्द. तिला होडीत घालून नेणारा, कुठल्या आळीत कोण अडकलंय हे सांगणारा, चित्रात पाठमोरा दिसत होता. मला आप्पांची पोफळीची वही आठवली.

आणि फेब्रुवारी २०२३. राजापूरचे शशिकांत वारिशे, बारसूच्या रिफायनरीच्या जमिनींविषयी सातत्याने लिहिणारे. ६ तारखेला सकाळी त्यांची बातमी छापून आली. त्याच दिवशी राजापुरात महामार्गावर त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं आणि फरफटत नेलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याविषयी ती बातमी होती त्याच्यावर खुनाचा गुन्हा दाखल झाला. जाफना, कुंदूझ, रंगून या गावांची नावं मी आयुष्यभर बातम्यांवर घातली. त्या दिवशी तिथे राजापूर घालायचं होतं, माझ्या घरापासून खाडीपलीकडचा तालुका. वारिशे यांची बातमी त्यांच्या नावाने आली होती, ती कुणाला खुपली आणि ते कुठे सापडतील हेही गावात सगळ्यांना माहीत होतं. परदेशी पत्रकार विमानाने निघून जातो. वार्ताहराला दुसऱ्या दिवशी त्याच नाक्यावर चहा प्यायचा असतो.

दर ६ जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढलं त्या दिवशी, देवगडातल्या पोंभुर्ल्याला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत पत्रकार दिन होतो. गेल्या पत्रकार दिनानंतर मी एक काम सुरू केलं आहे. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा, म्हणजे आजचा सिंधुदुर्गसुद्धा, आणि तेव्हाचा कुलाबा, इथून साधारण १९५० ते १९९० या काळात मुंबई-पुण्याच्या दैनिकांना ज्यांनी ‘आमच्या वार्ताहराकडून’ बातम्या पाठवल्या, त्यांची नावं मी जमवते आहे. रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयात जुने अंक बघायचे, गावाचं नाव आणि साल टिपायचं, आणि मग त्या गावात जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारायचं की तेव्हा इथून पेपरला कोण लिहायचं. लांजा, देवरूख, हर्णे आणि मालवण इथली काही नावं पक्की झाली आहेत. कुणी शिक्षक होते, कुणी पोस्टमास्तर, वेंगुर्ल्याचे एक तर आंब्याचे दलाल. गुहागर, मंडणगड, वैभववाडी आणि श्रीवर्धन अजून कोरे आहेत.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचे वडील, आजोबा, काका असे वार्ताहर असतील तर मला कळवा. कागदावर चिकटवलेली कात्रणं, तारेचं कार्ड, मानधनाच्या मनीऑर्डरीच्या पावत्या, संपादकांची पत्रं, काहीही चालेल. फोटो काढून पाठवलेत तरी पुरे, मूळ कागद घरातच ठेवा. नाव, गाव आणि कुठल्या दैनिकाला लिहायचे एवढं कळलं की बातम्या मी फाइलींत शोधते. आणि माळ्यावर ट्रंक असेल तर ती मिरगाच्या आधी उतरवून बघा, एका पावसात वाळवी सगळं खाते.